हळू सुटणारी गोळी

आमच्या सरांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट चघळली नाही. पेपरमिंट असो, खडीसाखर असो, की पाहुण्याच्या हातावर हमखास पडणारी संत्र्याची गोळी असो, तोंडात टाकली की कडकड आवाज यायचा आणि विषय संपायचा. घसा बसला की चघळायच्या औषधी गोळ्यासुद्धा ते फुटाण्यासारख्या खात. तोंडी परीक्षेला बसलेली पोरं एकमेकांना सांगायची, कडकड चालू आहे तोवर विचार करून घ्या, आवाज थांबला की सर उत्तर मागतात.

सर नागपूरच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात गोळ्या बनवण्याचं शास्त्र शिकवत. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते आणि मग त्यांच्याच हाताखाली शिकवायला लागले. माणूस मूळचा काटोलकडचा. वर्गात, स्टाफरूममध्ये, बाहेरगावच्या परीक्षकांसमोर बोली एकच, आणि तिची लाज वाटण्याइतका वेळ त्यांच्याकडे कधीच नव्हता. एकदा एक पाहुणे प्राध्यापक गोळीच्या विघटनाबद्दल फार सुंदर भाषेत बोलत होते. सरांनी पाच मिनिटं कसंबसं ऐकलं आणि म्हणाले, "ते सारं ठीक हाय, पन गोळी फुटून राहिली की नाई, तेवढं सांगा."

त्यांची घाई काही वेगळ्याच जातीची होती. समोरच्याचं वाक्य ते स्वतःच पुरं करत आणि बहुतेक वेळा चुकीचं करत. मी "सर, मला उद्या" एवढंच म्हटलं की "सुटी पायजे, घे" असं म्हणून ते पुढे निघून गेलेले असत. मला उद्याच्या प्रॅक्टिकलसाठी स्टार्च हवा असे. अशा दोन-तीन सुट्या मी नको असताना भोगल्या आहेत. एकदा त्यांनी आमच्या हेडक्लार्कना स्कूटरवर घरी सोडायचं कबूल केलं आणि ते मागे बसायच्या आतच गाडी काढली. व्हरायटी चौकापर्यंत सर त्यांच्याशी पगारवाढीवर बोलत गेले. मागून उत्तर येत नाही याचं त्यांना काहीच वाटलं नाही, कारण उत्तराची वाट पाहायची सवयच नव्हती.

आणि अशा माणसाने संशोधनाला विषय कुठला घ्यावा, तर हळू सुटणाऱ्या गोळीचा.

हृदयाची धडधड आणि रक्तदाब ताब्यात ठेवणारी बीटा ब्लॉकर औषधं तेव्हा डॉक्टर बरीच लिहून द्यायला लागले होते. साधी गोळी पोटात गेली की लगेच फुटते, औषध रक्तात झरकन चढतं आणि काही तासांत उतरतं, म्हणून ती दिवसातून तीनदा घ्यावी लागायची. सरांचं म्हणणं असं, की तीनदा गोळी घेणारा माणूस देवाने अजून घडवला नाही. "सकाळची घेते, दुपारची इसरते, अन् संध्याकाळी दोन्ही संगच घेते. मंग डॉक्टरले म्हनते, चक्कर येऊन राहिली." त्यांना अशी गोळी हवी होती, जी सकाळी एकदा घेतली की दिवसभर थोडंथोडं औषध सोडत राहील. परदेशात अशा गोळ्या निघाल्या होत्या. सरांना ती आपल्या जंगलातल्या धावड्याच्या डिंकात बांधायची होती. डिंक पोटातल्या पाण्याने फुगतो, त्याचा गिलावा होतो आणि औषधाला त्यातून वाट काढत बाहेर यावं लागतं, अशी ती कल्पना.

कल्पना खरोखरच चांगली होती. डिंक मात्र इतवारीच्या बाजारातून यायचा आणि प्रत्येक पोत्यातला वेगळा वागायचा. पावसाळ्यातली गोळी दुपारीच सुटून मोकळी व्हायची आणि हिवाळ्यातली सुटायचं नाव घ्यायची नाही. "डिंक का सरकारी नोकर हाय," सर म्हणत, "बारा महिने सारखा वागाले?" घरी काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, एका बाळंतिणीच्या लाडवांसाठी निवडून ठेवलेला उत्तम डिंक एकदा त्यांनी परस्पर प्रयोगशाळेत आणला, आणि त्या बाळंतिणीला डिंकाविनाच लाडू गेले. त्याच डिंकाची गोळी आम्ही कोमट पाण्यात फिरवत ठेवली. ती संध्याकाळी होती तशी होती. दुसऱ्या दिवशीही होती. शेवटी सरांनी ती चिमट्याने बाहेर काढली, उजेडाकडे धरली आणि मला म्हणाले, "हे नातवाले कामी पडन."

गोळी किती सुटली हे पाहायला दर तासाला भांड्यातलं थोडं पाणी काढून तपासावं लागतं. हे काम माझं. सर दर थोड्या वेळाने आत यायचे, भांड्यात वाकून पाहायचे.

"काहून वं, सुटून नाई राहिली?"

"सर, हळू सुटायलाच केली आहे."

"हो, पन इतकी हळू?"

वर्गात मात्र या विषयावर त्यांच्यासारखं बोलणारं कोणी नव्हतं. पहिल्याच तासाला ते दम भरत, की हळू सुटणारी गोळी रोग्याने चावायची नाही आणि फोडायचीही नाही. दिवसभराचं औषध त्यात बांधलेलं असतं. चावलं की ते सगळं एका दमात अंगावर येतं आणि हृदय इतकं मंदावतं की माणूस आडवा होतो. "दुकानातून गोळी देतानी हे सांगितलं नाई," ते फळ्यावर खडू आपटून म्हणत, "तर तुमची डिग्री मी सोता येऊन फाडीन." पोरं हसायची, पण वाक्य कायमचं लक्षात राहायचं.

काकू त्यांच्या अगदी उलट. बाईंना कसलीच घाई नव्हती. दार उघडायला यायच्या तर आधी आतून "येते" म्हणायच्या, आणि मग खरोखर बऱ्याच वेळाने यायच्या. सर बोलत सुटले की त्या हातातली भाजी निवडत राहायच्या, आणि ते दमले की एकच वाक्य बोलायच्या, जे शेवटी घरात चालायचं. मी नंदनवनच्या आमच्या घरून लुना घेऊन कधी त्यांच्याकडे कागद द्यायला गेले की मला जेवल्याशिवाय सोडत नसत. "बस वं. तुह्या सराचं होईन लवकर. आपन आरामात जेवू."

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली असताना सरांचं हृदय धडधडायला लागलं. शिकवता शिकवता ते मध्येच फळ्याला टेकायचे, छातीवर हात ठेवायचे आणि पोरांना सांगायचे की खडूची धूळ गेली. काकूंनी एक दिवस ते एकच वाक्य बोलून त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नाडी, हृदयाच्या आलेखाची पट्टी सगळं पाहिलं आणि नुकतीच बाजारात आलेली, सकाळी एकदाच घ्यायची, हळू सुटणारी बीटा ब्लॉकर गोळी लिहून दिली. हे औषध चुकवलंत तर जिवाशी गाठ आहे, असंही सांगितलं.

सरांचा चेहरा काय झाला असेल, याची मी कल्पना करू शकते. ज्या गोळीमागे ते इतकी वर्षं धावत होते, ती दुसऱ्याच कोणीतरी बनवली होती आणि आता ती त्यांनाच खायची होती. त्यातली एक त्यांनी आमच्या भांड्यात सोडली. मी दिवसभर पाणी काढत राहिले. गोळी अशी सरळ, समजूतदारपणे सुटत गेली की पाहत राहावं. संध्याकाळी सरांनी आलेख पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाले, "चांगली बनवली लेकाच्यांनी." त्यांच्या तोंडून दुसऱ्याची एवढी स्तुती मी त्याआधी ऐकली नव्हती. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल फार वाटलं.

औषध सुरू झालं आणि कॉलेजात एक चमत्कार घडला. सकाळी सर संत होऊन यायचे. आवाज मऊ, चाल संथ. समोरच्याचं वाक्य तो स्वतः पूर्ण करेपर्यंत थांबायचे. कोणाच्याही अर्जावर सही करायचे. एकदा तर एका पोराने प्रयोग चुकवून गोळ्यांचा सगळा घाणा वाया घालवला, आणि सर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "होते गा असं." पोरगं घाबरून घरी गेलं. दुपार कलली की मात्र चक्र फिरायचं. चारच्या सुमाराला जुने सर परत यायचे, तेही दुपटीने. धडधड, घाम, आरडाओरडा. पोरांनी हे लगेच ओळखलं. सुटीचे अर्ज, उशिरा आलेली जर्नलं, सगळं सकाळी न्यायचं असा रिवाजच पडला. हेडक्लार्कसुद्धा आपल्या फायली घेऊन त्या रांगेत उभे राहू लागले.

मीही हसले सगळ्यांबरोबर. पण एक दिवस स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या हसू ओसरलं. सकाळी भरपूर, दुपारी काही नाही. हा हळू सुटणाऱ्या गोळीचा दिवस नव्हता. हा साध्या गोळीचा दिवस होता, तोही तिप्पट जोराच्या. मी ते सरांना विचारावं म्हणून दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. सकाळचे सर म्हणाले, "सारं ठीक हाय पोरी." दुपारच्या सरांनी मला सुटी दिली.

वार्षिक प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी सर सकाळीच स्टुलावर बसले ते उठले नाहीत. बाहेरचे परीक्षक एकेका मुलाला फाडून खात होते आणि सर प्रत्येकाला हसून चांगले गुण देत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सावकाश म्हणाले, "मले थंडी वाजून राहिली." नागपूरचा एप्रिल होता. मी त्यांचा हात धरला तर तो माठासारखा गार होता आणि नाडी शोधावी लागत होती. दुसऱ्याच क्षणी ते स्टुलावरून माझ्या अंगावर कलले.

दवाखान्यात इंजेक्शनं, सलाईन सगळं झालं आणि दुपारपर्यंत सर डोळे उघडून पंख्याकडे पाहायला लागले. तरुण डॉक्टर बुचकळ्यात पडला होता. त्याने काकूंना पुन्हा पुन्हा विचारलं, दिवसातून गोळ्या किती घेतात. काकू म्हणाल्या, एकच, मी सोता हातावर देते. "मग हे औषध यांना सोसत नाही," डॉक्टर म्हणाला. "बंद करावं लागेल. पण बंद केलं तर त्या धडधडीचं काय करायचं, तेही मला कळत नाही." काकूंनी मान हलवली आणि पदर तोंडाशी धरून बाहेर चहा पाहायला गेल्या. त्या चहा पाहायला गेल्या नव्हत्या, हे मला कळत होतं.

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"सर, तुम्ही गोळी चावता काय?"

पंख्याकडे पाहणं चालूच राहिलं.

"सर, डॉक्टर औषध बंद करून राहिले. तुम्ही खरं सांगितलं नाही तर ते चुकीचंच ठरवतील."

"आवाज येते काय बाहेर?" सर म्हणाले.

"म्हणजे चावता."

"पोरी," ते इतक्या हळू म्हणाले की मला वाकावं लागलं, "मले गोळी गिळता येत नाई."

 त्यांचं वाक्य त्यांनीच पुरं करावं असं मला वाटलं. मग ते थांबत थांबत बोलत गेले. लहानपणी गावात हिवताप आला होता तेव्हा कोणीतरी त्यांचं नाक दाबून कोयनेलची गोळी घशात कोंबली होती. ती अडकली. जीव जातो म्हणजे काय होतं ते त्या दिवशी समजलं. तेव्हापासून घशाशी गोळी गेली की घसा आपोआप बंद व्हायचा. म्हणून चावायचे. सगळंच चावायचे, म्हणजे त्यात कोणाला काही वेगळं दिसू नये. "आयुष्यभर गोळ्या बनवल्या. हजारो पोट्टे शिकवले. कोनाले सांगू मी, का मले गिळता येत नाई? हसतीन ना." मग माझा हात धरून म्हणाले, "डॉक्टरले सांग. पन तिले नको सांगू."

"तिले माहीत हाय," दारातून काकू म्हणाल्या.

त्यांच्या हातात चहा नव्हताच. त्या आत आल्या आणि पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. सर जितके लहान होता येईल तितके चादरीत लहान झाले.

"लग्न झालं त्या वर्षीपासून माहीत हाय. ताप आला होता तुमाले, अन् तुम्ही गोळी घेऊन मोरीत गेले. मी कडकड आयकली. बोलली नाई. म्हटलं, एवढा शिकला माणूस, याची मान कायले खाली घालाची." काकूंचा आवाज वाढला नव्हता. "पन हे गोळी चावाची नसते, हे मले काय माहीत? तुमची गोळी, तुमचं शिक्षन. मले वाटलं, चावून राहिले तर चालत असन. रोज सकाळी मीच देत होती ना हातावर. अन् तुम्ही माह्यासमोर मरून राहिले होते."

एवढं बोलून त्या रडायला लागल्या. सरांनी उठायचा प्रयत्न केला, सलाईनची नळी आडवी आली. "अवं, मी सांगनारच होतो," ते म्हणाले, आणि हे इतकं उघड खोटं होतं की काकू रडता रडता हसल्या. मीही हसले. मग डॉक्टरला बोलावून सगळं सांगितलं. त्याने ते ऐकून घेतलं, सरांकडे पाहिलं, आणि कागदावरचं नाव वाचून म्हणाला, "तुम्ही ते गोळ्यांवाले सर ना?" सरांनी डोळे मिटून घेतले.

काही दिवस कुटून घेता येणारी साधी गोळी दिली, दिवसातून तीनदा. सर दुपारची विसरायचे. आपला सिद्धांत स्वतःवरच खरा ठरल्याचा त्यांना फार आनंद झाला, आणि काकूंना तितकाच राग आला. मग काकूंनी एका सकाळी जाहीर केलं की आजपासून गिळायला शिकायचं. सुरुवात भिजवलेल्या साबुदाण्याच्या एका दाण्यापासून झाली. एका रविवारी मी हजर होते.

"गिळा."

"गिळलं."

"मंग दात काहून हालले?"

"सवय हाय."

"जीभ दाखवा."

एवढा मोठा माणूस जीभ बाहेर काढून बायकोसमोर बसलेला, आणि जिभेवर साबुदाण्याचा चुरा. मी तोंड वळवून बाहेर पाहिलं. साबुदाण्यानंतर डाळिंबाचा दाणा, मग मटार. पाण्याबरोबर काही जमेना. पाणी जायचं आणि दाणा मागे राहायचा. शेवटी ज्वारीच्या आंबिलीबरोबर मार्ग सापडला. दाट आंबिलीचा घोट घशात उतरताना दाण्याला सोबत घेऊन गेला आणि सरांना कळलंसुद्धा नाही. दाण्याची सवय झाल्यावर खरी गोळी आली. ज्या दिवशी ती अखंड उतरली, त्या दिवशी सर भर दुपारच्या उन्हात स्कूटर काढून आमच्या नंदनवनच्या घरी आले. दारात माझी आई उभी होती. तिला काही न सांगता सवरता त्यांनी तोंड उघडलं, जीभ वर उचलली, खाली केली, डावीउजवीकडे फिरवली, आणि म्हणाले, "पाहा, काहीच नाई." आईने मला आत येऊन विचारलं, की तुझे सर बरे आहेत ना.

डिंकाची गोळी कधी बाजारात आली नाही. ती दरवर्षी वेगळी वागत राहिली आणि सरांनीही अखेर तिच्यामागे धावणं सोडलं. मला त्याची हळहळ वाटते, त्यांना फारशी वाटली नाही.

निवृत्तीच्या आधीचा शेवटचा तास त्यांनी याच विषयावर घेतला. मी मागच्या बाकावर बसले होते. अंतिम वर्षाची पोरं होती, थोड्याच दिवसांत औषधाच्या दुकानांत आणि कारखान्यांत पांगणारी. सरांनी आकृत्या काढल्या, नेहमीचा दम भरला, डिग्री फाडायची धमकी दिली. आणि मग ते थांबले. खडू हातात, तोंड बंद, नुसते उभे. वर्गाला हे नवीन होतं. पोरं एकमेकांकडे पाहू लागली.

"एक गोष्ट मी कोनत्याच वर्गाले सांगितली नाई," सर म्हणाले. "आपन रोग्याले सांगतो, गोळी गिळ. गिळता येते काय, हे कोनी विचारत नाई. मले येत नव्हती. मागल्या वर्षापर्यंत येत नव्हती. चावत होतो. तसाच मरत होतो."

 मला वाटलं, आता कोणीतरी फिदकन हसणार आणि माणूस निवृत्तीच्या दिवशी मोडणार. कोणी हसलं नाही. तिसऱ्या बाकावर वर्ध्याची एक मुलगी होती, चार वर्षांत जिचा आवाज मी क्वचित ऐकला होता. तिने हात वर केला.

"सर, मलेबी नाई येत."

मागच्या बाजूने आणखी एक हात आला, कबड्डीच्या संघातल्या धिप्पाड पोराचा. मग खिडकीजवळून एक. मग एकाने शेजाऱ्याकडे पाहिलं आणि दोघांनी बरोबरच वर केले. इतकी वर्षं या मुलांनी आमच्यासमोर गोळ्या दाबल्या होत्या, मोजल्या होत्या, पाण्यात फिरवल्या होत्या.

"काहून नाई सांगितलं गा?" सर म्हणाले.

"लाज वाटते सर," कबड्डीवाला म्हणाला.

"हो," सर म्हणाले. "वाटते खरी."

घंटा झाली. दाराबाहेर पुढच्या तासाची पोरं जमायला लागली. सरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, हात वर असलेल्या सगळ्यांना पुढच्या बाकावर बोलावलं, "गिळाले आत्ताच शिकू, आधी पान्यानं पाहू, नाई जमलं तर उद्या आंबील" असं सांगितलं आणि मला पाणी आणायला पाठवलं. एका लोट्याने भागलं नसतं. मी आणि शिपाई, दोघांनी मिळून व्हरांड्यातला अख्खा माठ उचलून आत आणला.